लोक म्हणजे कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
गुरुवारचे चिंतन



तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात. मग घरोघरी याद्या, पत्रिका, केळवणं. आमच्या इंदूरला गार्डन बघायची धावपळ, बेळगावात मंगल कार्यालय मिळायची पंचाईत, वडोदऱ्यात पार्टी प्लॉट, हैदराबादेत फंक्शन हॉल. नावं निराळी, पण घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटातला गोळा सगळीकडे एकच. म्हणून आजचं चिंतन लग्नाच्या खर्चावर आहे. काहींना वाटेल, सत्संगात हा प्रपंचाचा विषय कशाला? पण महाराज नेहमी सांगतात की प्रपंचात जिथे डोळा ओला होतो तिथेच परमार्थाची परीक्षा असते.

मागच्या वर्षी घडलेली गोष्ट सांगतो. ज्यांच्या घरची आहे त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र लिहीत नाही.

आपल्या एका गुरुबंधूंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. खाजगी नोकरी, पगार महिन्याला २८,०००. गाठीला जेमतेम २ लाख. आजीचे दागिने होते, त्यामुळे सोन्याची काळजी नव्हती. बाकीची यादी त्यांनी वहीत लिहून आणली होती. गुरुवारच्या आरतीनंतर ती वही महाराजांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "महाराज, ४ लाखांचं कर्ज काढतोय. मंजूर होऊ दे, एवढाच आशीर्वाद द्या."

महाराजांनी वही उघडली. गार्डनचं भाडं १,२०,०००. सहाशे माणसं, ताटाला ४०० रुपये, म्हणजे २,४०,०००. सजावट ९०,०००. मानपानाच्या साड्या नि पोशाख ७५,०००. फोटो, व्हिडिओ, ड्रोन ६०,०००. पत्रिका १५,०००. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात गुरुजींची दक्षिणा, होम, पूजेचं साहित्य मिळून ९,०००. एकूण ६,०९,०००.

महाराजांनी आशीर्वाद दिला नाही. पेन दिलं. म्हणाले, "प्रत्येक रकमेपुढे लिहा, हे कोणासाठी. देवासाठी, मुलांसाठी, भुकेल्या पाहुण्यासाठी, का आणखी कोणासाठी."

ते तिथेच बसून लिहू लागले. पूजेपुढे 'देव' लिहिलं. जेवणापुढे 'पाहुणे' लिहिलं, मग थांबले, कारण सहाशेतली निम्मी माणसं मुलीला ओळखतसुद्धा नव्हती. गार्डन, सजावट, ड्रोन, मानपान यांच्यापुढे एकच शब्द येत गेला: 'लोक'.

महाराज म्हणाले, "लोक म्हणजे कोण हो?"

त्यावर ते जे बोलले ते ऐकून आम्ही सगळे खाली बघू लागलो. ते म्हणाले, "महाराज, थोरलीच्या लग्नात जिलबी दुसऱ्यांदा पंगतीत फिरली नाही. पाच वर्षं झाली, अजून बोलतात लोक."

"कोण बोलतं?"

ते गप्प राहिले. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण सभामंडपात बसलेल्या आम्हाला माहीत होतं. जिलबीची ती गोष्ट आमच्याच तोंडून चार घरी गेली होती. हसत हसत, चहा पिता पिता. आमच्यापैकी कोणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी त्या एका वाक्याची किंमत आज एक बाप ४ लाखांच्या कर्जाने फेडायला निघाला होता.

साधकहो, हे आम्ही फार लाज वाटून लिहितो आहोत. 'लोक काय म्हणतील' या भीतीला आपण सगळेच शिव्या देतो. पण ते लोक कुठून आकाशातून येतात का? दुसऱ्याच्या मांडवात जेवायला बसलेले आपणच ते लोक.

आता त्या कर्जाचा हिशोब बघा. ४ लाख, व्याज शेकडा १२, मुदत पाच वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण ८,९००. पगाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पाच वर्षांत परतफेड ५,३४,००० च्या आसपास, म्हणजे सव्वा लाखाच्या वर नुसतं व्याज. गार्डन एका संध्याकाळचं, हप्ते मात्र साठ. शास्त्राने माणसावर तीन ऋणं सांगितली: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. चौथं, लोकांच्या कौतुकासाठी काढलेलं ऋण कुठल्याही ऋषींनी सांगितलेलं नाही. ते आपण आपल्या हाताने गळ्यात बांधून घेतो.

मग लग्नाला खरोखर लागतं काय? विधी आठवून बघा. अंतरपाटाचं एक वस्त्र. अक्षता. नारळ, सुपाऱ्या, हळद-कुंकू. लाजाहोमाला लाह्या, तूप, समिधा. सप्तपदीला तांदळाच्या सात राशी. दोन हार आणि मंगळसूत्र. हे सगळं दोन पिशव्यांत मावतं. आणि सप्तपदीचं एकेक पाऊल कशासाठी टाकतात? पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं समृद्धीसाठी, चौथं सुखासाठी, पाचवं संततीसाठी, सहावं ऋतूंच्या अनुकूलतेसाठी आणि सातवं सख्यासाठी. सातात एकही पाऊल सजावटीसाठी नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदासुद्धा हेच धरून चालतो: जिथे विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण झाला. किती ताटं वाढली हे ना शास्त्र विचारतं, ना कायदा.

आणि पहिलंच पाऊल अन्नाचं आहे, हे लक्षात घ्या. नव्या संसाराच्या घरात धान्य असावं म्हणून देवापुढे पहिलं पाऊल टाकायचं, आणि त्याच दिवशी मुलीच्या माहेरचा कणगा रिकामा करायचा. हे जुळतं का?

संतांच्या घरी काय झालं तेही बघू. महीपतींनी आपल्या संतचरित्रांत तुकोबारायांच्या मुलींच्या लग्नाची कथा सांगितली आहे. काशी, भागीरथी आणि गंगा अशा तीन मुली. घरात धनाचा दुष्काळ आणि आईला काळजी. तुकोबाराय बाहेर पडले, आपल्या ज्ञातीची तीन मुलं खेळताना दिसली, त्यांना घरी आणलं आणि एकाच मांडवात तिघींची लग्नं लावली. बालविवाहाची ती रीत त्या काळची. ती आज नको आणि कायद्यालाही मान्य नाही. घ्यायचा बोध एवढाच, की ज्यांच्या पालखीमागे आज लाखो लोक चालतात, त्यांच्या दारचा मांडव साधा होता. त्याने त्यांच्या घराण्याचं नाव काही कमी झालं का?

आता पुढचं ऐका. महाराज त्या गुरुबंधूंना म्हणाले, "ही वही घ्या आणि व्याह्यांना दाखवा. काही लपवू नका. पगारही सांगा."

त्यांच्या अंगावर काटाच आला. मुलीच्या बापाने आपली तंगी व्याह्यांपुढे उघडी करायची? पण गुरुआज्ञा. रविवारी दोघं नवराबायको गेले. चहा झाला, वही पुढे ठेवली. मुलाचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, कपाट उघडलं आणि स्वतःची वही काढून आणली. बारात, घोडी, बँड, रिसेप्शन. तेही ३ लाखांचं कर्ज काढायच्या बेतात होते! का? तर "मुलीकडचे एवढं करताहेत, आपण कमी कसं करायचं?" दोन घरं एकमेकांच्या धाकाने कर्जात उडी मारायला निघाली होती, आणि दोघांनाही ती उडी नको होती.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, मला पैठणी नको. माझ्या सुनेच्या माहेरी दर महिन्याला हप्ता जातोय हे माहीत असताना ती मी नेसू कशी?" हे वाक्य आमच्या केंद्रात अजून आठवतात.

मग दोन्ही घरांनी मिळून एक वही केली. शनिवार-रविवार सोडून बुधवारचा सकाळचा मुहूर्त धरला, म्हणून समाजाचा हॉल २५,००० त मिळाला. माणसं दोन्हीकडची मिळून दोनशे. आचारी लावला, वरण-भात, मसालेभात, पुरी-भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलबी, माणशी २५० धरून ५०,०००. झेंडूची तोरणं, केळीचे खांब आणि साधी सजावट १२,०००. फोटो १५,०००. मानपान फक्त दोन्हीकडच्या आजी-आजोबा आणि मामांचा, १०,०००. पत्रिका देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला पंचवीस छापल्या, १,५०० रुपये; बाकी सगळ्यांना फोन केले. जाण्या-येण्याला ७,५००. पूजेचे ९,००० तसेच ठेवले, त्यातला रुपयाही कमी केला नाही. एकूण १,३०,०००. दोघांनी निम्मे निम्मे, म्हणजे ६५,००० प्रत्येकी. बारात, घोडी, रिसेप्शन, सगळं रद्द.

रुखवत महिला मंडळाने केलं. पंगतीत वाढायला आमची मुलं होती. आणि जिलबी? जिलबी तीनदा फिरली. वाढणाऱ्यांत ज्यांनी ती गोष्ट पसरवली होती तेच पुढे होते. त्यांनी पंगत उठल्यावर त्या गुरुबंधूंचे पाय धरले.

सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं ठरेल. एक काका पोशाख मिळाला नाही म्हणून न जेवता निघून गेले. शेजारी दोन-चार जण म्हणाले, "मुलगी उरकली." त्या रात्री मुलीच्या आईला रडू आलं, हेही आम्हाला माहीत आहे. साधेपणाला धैर्य लागतं, आणि ते धैर्य एकट्या घराला पेलत नाही. म्हणून तर संघ असतो. आज त्या घरात हप्ता नाही. उरलेल्या पैशातले १ लाख मुलीच्या नावाने ठेवीत आहेत. आणि ते काका दिवाळीला फराळाला येऊन गेले.

कोणी म्हणेल, ज्याच्याकडे आहे त्यानेही करू नये का? महाराज तसं सांगत नाहीत. देवाने दिलंय तर अन्नदान जरूर करा, पंगतीत गरिबालाही बसवा. पण तुमच्या शेजारी २८,००० पगाराचा गुरुबंधू राहतो हे विसरू नका. तुमचा मांडव बघून त्याची मुलगी काही मागणार नाही, पण तो मनात मोजायला लागेल. आणि वरपक्षाकडून येणारी मागणी, मग तिला हुंडा म्हणा, मानपान म्हणा, 'हौस' म्हणा, ती १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे आणि गुरूच्या दारात तर त्याआधीपासून पाप आहे. मुलाचे आईवडील असलेल्या साधकांनी बोलणीच्या दिवशी आपणहून सांगावं: "आम्हाला काही नको, खर्च निम्मा निम्मा करू." हे आधी वरपक्षाने बोलायचं असतं, कारण मुलीच्या बापाला ते बोलता येत नाही.

या लग्नसराईसाठी आम्ही केंद्रात पाच नेम घेतले आहेत. आपणही घ्यावेत अशी विनंती.

१. कोणाच्याही लग्नातल्या जेवणाला, साडीला, सजावटीला नाव ठेवणार नाही. दुसरा ठेवू लागला तर विषय बदलू.

२. लग्न ठरलं की दोन्ही घरं एकत्र बसून एकच वही करू, आणि प्रत्येक रकमेपुढे 'कोणासाठी' ते लिहू.

३. लग्नासाठी कर्ज काढणार नाही. काढायची वेळ आली तर आधी माणसं कमी करू, मग सजावट, मग मानपान. विधी आणि अन्न शेवटपर्यंत राखू.

४. गुरुबंधूंच्या घरच्या कार्याला आहेर घेऊन जाण्याआधी हात घेऊन जाऊ. निवडणं, वाढणं, आवरणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं.

५. आमंत्रण आलं नाही तर रुसणार नाही. दोनशेच्या यादीत आपलं नाव नाही याचा अर्थ आपल्यामुळे एका घराचं एक ताट वाचलं. घरी बसून त्या जोडप्यासाठी एक माळ जप करू.

पाचवा नेम सगळ्यात कठीण आहे. आमच्यातल्या दोघांची परीक्षा गेल्याच महिन्यात झाली. एक जण पास झाले, एक जण अजून रुसलेले आहेत. त्यांनाही सांभाळून घेऊ.

पुढच्या वेळी मांडवात शिराल, पाटावर बसाल, पहिला घास घ्याल, तेव्हा क्षणभर थांबा. हे ताट भरायला त्या घराने काय मोडलंय, हे आपल्याला माहीत नसतं. घास डोळ्यांना लावा, अन्नदात्याचं कल्याण चिंता, आणि तिथून उठल्यावर तोंडातून फक्त आशीर्वाद निघू द्या. एवढं आपण केलं, तर एखाद्या बापाच्या वहीतून 'लोक' हा शब्द खोडला जाईल.

सद्गुरूंच्या चरणी हीच प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपले नम्र,
सेवेकरी मंडळ, इंदूर केंद्र

(ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी गुरुवारी आरतीनंतर मंडळाला भेटावं. वाढपी, रुखवत, मोठी पातेली, सतरंज्या यांची सेवा विनामूल्य आहे. संकोच करू नये. हा संदेश आपल्या केंद्राच्या गटात अवश्य पाठवावा.)