थंड चूल, शांत मन



जयपूरहून टोंककडे जाताना वाटेत चाकसू लागते. त्या परिसरात शील की डूंगरी नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावर शीतलामातेचे मंदिर. होळीनंतर आठव्या दिवशी, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला, येथे मोठी जत्रा भरते. आदल्या दिवशी घरोघरी पुए, पकोडी, राबडी रांधून ठेवतात. अष्टमीला चूल पेटत नाही. मातेला थंड नैवेद्य दाखवायचा आणि सर्वांनी तेच अन्न खायचे. या प्रथेला तेथे बास्योडा म्हणतात. आपल्याकडे श्रावण शुद्ध सप्तमीला, शिळासप्तमीला, आपल्या आजी-पणजीही चूल अशीच थंड ठेवत आल्या.

एक दिवस चूल विझवून आपण नेमके काय शांत करतो, याचा विचार आपण कधी केला आहे का?

याच ऋतूच्या सुमारास प्राचीन चीनमध्येही थंड अन्नाचा सण पाळला जाई. त्याचे नाव हान-शी. ही प्रथा आणि आपली प्रथा एकमेकींतून निघाल्या असे नाही. पण त्या सणामागची कथा आपल्या प्रश्नाचे उत्तर देते.

जिन राज्याचा राजपुत्र चोंग-अर एकोणीस वर्षे परदेशी वणवण फिरला. त्याच्यासोबत जिए झितुई नावाचा निष्ठावान सेवक होता. दंतकथा सांगते, की एकदा राजपुत्र उपाशी असताना जिएने स्वतःच्या मांडीचे मांस शिजवून त्याला खाऊ घातले. इसवी सनापूर्वी ६३६ मध्ये चोंग-अर गादीवर बसला. सोबत्यांना बक्षिसे मिळाली, पण जिएचा विसर पडला. जिएने काहीही मागितले नाही. वृद्ध आईला घेऊन तो डोंगरावर निघून गेला.

राजाला चूक कळली तेव्हा तो त्याला शोधत निघाला. जिए काही बाहेर येईना. तेव्हा राजाने जंगलाला आग लावायला सांगितली. आगीला भिऊन तरी तो बाहेर येईल, असे त्याला वाटले. आग विझल्यावर झाडाखाली माय-लेकरांचे मृतदेह सापडले. शोकाकुल राजाने त्या दिवशी कोणीही अग्नी पेटवू नये अशी आज्ञा केली.

साधकहो, राजाचा हेतू वाईट होता का? नाही. त्याला ऋण फेडायचे होते. पण ते आजच, आपल्याच पद्धतीने फेडायचे, हा त्याचा हट्ट होता. कृतज्ञतेत हट्ट मिसळला आणि ज्याचा सन्मान करायचा तोच जळाला. जुन्या इतिहासग्रंथात जिएच्या वनवासाची नोंद आहे, पण आग नाही. आग लोककथेने नंतर जोडली. लोकांना त्या राजात कदाचित स्वतःचाच स्वभाव दिसला असेल.

कथा येथे संपत नाही. शान्शी भागातील लोक जिएच्या स्मरणार्थ ऐन हिवाळ्यात दीर्घकाळ चूल बंद ठेवू लागले. कडाक्याच्या थंडीत थंड अन्न खाऊन म्हातारी माणसे आणि लहान मुले दगावू लागली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे झोउ ज्यू नावाचा अधिकारी आला. त्याने जिएची थट्टा केली नाही, देऊळही पाडले नाही. तो जिएच्याच देवळात गेला आणि तेथे लिखित निवेदन ठेवले: लोकांचे प्राण जावेत अशी सत्पुरुषाची इच्छा असू शकत नाही. मग त्याने लोकांना पुन्हा गरम अन्न खायला सांगितले. श्रद्धेचा मान राखून श्रद्धेतला हट्ट त्याने शांत केला.

पुढे हान-शी चिंगमिंग या पितृस्मरणाच्या सणात मिसळून गेला. आज त्या दिवशी चिनी कुटुंबे पूर्वजांच्या समाधी झाडून स्वच्छ करतात. कोरियात हान-शीक या नावाने तो दिवस आजही ओळखला जातो. कठोर नियम गळून पडला, कृतज्ञता टिकली.

आता पुन्हा चाकसूला येऊ. शीतलामाता गाढवावर बसलेली, हातात झाडू आणि पाण्याचा कलश. ती तापाचा दाह शांत करणारी, म्हणून तिला थंड नैवेद्य. मराठीत त्या रोगाचे नावच ‘देवी’ पडले. देवी आल्या म्हणजे मातेचे आगमन झाले, असे समजून कित्येक घरांनी लस टोचून घ्यायला नकार दिला. श्रद्धा खरी होती, हट्ट मात्र मुलांच्या जिवावर बेतला. अखेर लस घरोघरी पोहोचली आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, तरी जत्रा भरतेच आहे. आजही आया लेकरांना कडेवर घेऊन डूंगरी चढतात. लेकरू सुखरूप राहो, हीच तेव्हाची आणि आजचीही प्रार्थना आहे. मुलाला वेळेवर लस देणारी आई ती प्रार्थनाच पूर्ण करत असते.

म्हणून येत्या अष्टमीला किंवा शिळासप्तमीला आपण चूल थंड ठेवाल, तेव्हा थोडा वेळ शांत बसा. ज्याने आपल्यासाठी झीज सोसली आणि कधी हिशेब मांडला नाही, अशी एक व्यक्ती आठवा. तिच्याकडे जा, पण तिला सोयीचे असेल तेव्हा आणि तिला रुचेल तसे. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या एखाद्या नियमाचा, उपवासाचा, सोवळ्याचा चटका घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा लेकराला बसतो आहे का? बसत असेल तर झोउ ज्यूप्रमाणे देवासमोर नम्रपणे उभे राहा आणि तो नियम सैल करा. माता रागावणार नाही. तिचे नावच शीतला आहे.