हार बॉनेटवर, धूळ बॉनेटखाली

खंडेनवमी-दसऱ्याला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गाड्या धुऊन निघतात. शेतकरी विळा-कोयता पुजतो, सुतार करवत-रंधा, गॅरेजवाला पाने-पकडी, आणि दारात चारचाकी असेल तर तिच्या बॉनेटवर कुंकवाचे बोट उमटते, झेंडूचा हार चढतो, चाकापुढे नारळ फुटतो. ज्या साधनावर आपले पोट चालते त्यापुढे वाकायचे, ही या पूजेची जुनी आणि शहाणी समजूत. प्रश्न एवढाच, की वाकायचे म्हणजे काय करायचे? हार घालणारा हात बॉनेट उचलून आत जात नाही, आणि आत गेलाच तर ते पूजेत मोजले जात नाही. त्याला आपण ‘मेंटेनन्स’ म्हणतो आणि सर्व्हिसिंगच्या बिलात टाकतो. ही वाटणी चुकीची आहे असे मला वाटते. गाडीचा एअर फिल्टर घरच्या घरी, स्वतःच्या हाताने बदलणे हे हार घालण्यापेक्षा पूजेच्या अधिक जवळचे कृत्य आहे. पैसे वाचतात हे त्याचे कारण नव्हे. या कामाचे फळ डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे कारण.

काम अगदीच साधे. बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली काळी प्लास्टिकची पेटी असते; तिच्या क्लिपा सोडायच्या (काही गाड्यांत स्क्रू), झाकण उचलायचे, घड्या घातलेल्या कागदाची चौकट बाहेर घ्यायची. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांत मुरमाच्या रस्त्यावरून फिरलेल्या गाडीची ही चौकट उलटी करून आपटली, की घड्यांतून बारीक तांबूस-करडी पूड गळते. कधी पाचटाचा तुकडा, कधी मेलेला किडा. पेटी ओल्या फडक्याने पुसायची, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत कचरा पडू द्यायचा नाही, आणि नवी चौकट कडेचे रबर चारी बाजूंनी नीट बसेल अशी ठेवायची. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढते. त्या हवेतल्या धुळीत सिलिकाचे कण असतात, सिलिंडरच्या धातूपेक्षाही कठीण. ते आत शिरून ऑइलमध्ये मिसळले की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करतात. वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई आणि लष्कराचे रणगाडा प्रशिक्षण केंद्र ज्या नगर शहरात आहे, त्याला हे नव्याने सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या गोळ्यांबरोबर धुळीनेही रणगाड्यांची इंजिने खाल्ली.

आता फळाचा मुद्दा. फिल्टर बदला, मायलेज वाढेल, असे सर्रास सांगितले जाते. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली की संगणक इंधनही तेवढेच कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे अशा गाड्यांचे मायलेज लक्षणीय घटले नाही, मार खाल्ला तो पिकअपने. म्हणजे वेळेवर फिल्टर बदलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही. त्याच्या कामाचे फळ म्हणजे एक न झालेली झीज, आणि न झालेली गोष्ट कोणाला दाखवता येत नाही. हार निदान शेजाऱ्याला दिसतो.

याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशात, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात ते थोडक्यात असे, की सगळ्यांत भरून राहिलेल्या त्या ईश्वराला आपापल्या कर्माची फुले वाहिली तर ती पूजा त्याला अपार संतोष देते. हे विधान आपण कीर्तनात ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन झेंडूची फुले वाहतो. त्यावर सरळ आक्षेप येतो: फिल्टर बदलणे हा तर निव्वळ स्वार्थ, स्वतःचे इंजिन वाचवण्याचा, त्यात निष्काम काय? पण गीतेचा रोख कामामागच्या प्रत्येक हेतूवर नाही. बी पेरणाऱ्याला पीक हवे असतेच. सोडायची आहे ती फळाची आसक्ती, म्हणजे फळ दिसले तरच हात हलवण्याची सवय. ही सवय तपासायची तर जिथे टाळी नाही, जाणवणारा फरक नाही आणि आज टाळले तरी चालते, अशा कामावरच तपासावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तोही त्याच अध्यायाच्या आधाराने करता येतो. स्वधर्म बरा, परधर्म नको. मग मास्तराने शिकवावे, मेकॅनिकने फिल्टर बदलावा. शिवाय गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय का? पोटाचे म्हणाल तर क्लच, ब्रेक, सस्पेन्शन ही हुन्नराची कामे त्याच्याकडेच राहतात. स्वधर्माचे मात्र जपून बोलायला हवे. आपल्याकडे या शब्दाच्या आडोशाने सगळी घाण ठरावीक माणसांच्या वाट्याला दिली गेली. पारनेरला १८८० साली जन्मलेल्या सेनापती बापटांनी हा आडोसा कृतीने मोडला. युरोपातून बॉम्बची कृती घेऊन परतलेला हा ब्राह्मण क्रांतिकारक गावचे रस्ते झाडायला, शौचकूप साफ करायला उतरला. त्या कामाशी दोन क्लिपांच्या पेटीची बरोबरी करणे हास्यास्पद ठरेल. तत्त्व तेवढे घेता येते: माझ्या वापराने साचलेली धूळ निदान एकदा माझ्या हाताला लागावी.

उरतो तो अतिउत्साह्यांचा धोका, आणि तो खरा आहे. दर आठवड्याला पेटी उघडून फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारणारे भाविक असतात. जोराच्या हवेने कागद फाटतो, रबर नीट बसले नाही तर न गाळलेली हवा थेट आत जाते. गंमत म्हणजे थोडा मळलेला कागद कोऱ्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो. दिसण्यासाठी केलेली काळजी हे आणखी एक कर्मकांडच, फक्त हारापेक्षा महाग पडणारे. गाडीच्या पुस्तिकेत मुदत दिलेली असते, धुळीच्या भागासाठी ती कमी असते. खंडेनवमीला हार घालण्याआधी ती वाचावी, पेटी एकदा उघडून पाहावी, आणि कागद अजून चालण्याजोगा असेल तर झाकण लावून हात धुवावेत.