यजमान मंडळीचा शब्द

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ सिहोरा आहे. धानाच्या बांध्या, चांदपूरचा तलाव आणि तिथले हनुमानाचे देवस्थान, घराघरांत झाडीबोली नाहीतर पोवारी, दिवाळी सरली की मंडई आणि दंडार, असा हा मुलूख. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख भरली. त्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही नव्हती. अशा ठिकाणी मोठ्या शहरातल्या किंवा परदेशातल्या चर्चचा गट आठ-दहा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’वर आला, की त्याचा कार्यक्रम बहुधा निघण्यापूर्वीच ठरलेला असतो. सकाळी आरोग्य तपासणी, दुपारी मुलांना गाणी-गोष्टी, संध्याकाळी प्रार्थनासभा आणि साक्ष. येणाऱ्यांच्या हेतूवर शंका घ्यावी असे मला वाटत नाही. रजा टाकून, पदरमोड करून परक्या गावात राबायला येणारा माणूस आदरालाच पात्र आहे. मला प्रश्न पडतो तो अधिकाराचा. कोणती सेवा करायची, कुणाच्या दारी जायचे, कुठे बोलायचे आणि कुठे गप्प राहायचे, हे ठरवणार कोण? माझे मत असे, की हा अधिकार पूर्णपणे स्थानिक मंडळीचा आहे, आणि ‘यंदा येऊ नका’ असे सांगण्याचा अधिकारही त्यात आला. मंडळीत चार घरे असोत की चारशे, त्याने फरक पडत नाही.

या मताला आधार आहे. अमेरिकेतून दरवर्षी सुमारे 16 लाख चर्चसदस्य अशा अल्पकालीन सेवेसाठी देशाबाहेर जातात, असा अंदाज तिथले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनॉव यांनी मांडला आहे. इतके हात राबून नेमके काय घडते, हे कर्ट व्हेर बीक यांनी होंडुरासमध्ये तपासले. 1998 च्या मिच चक्रीवादळात घरे गमावलेल्यांसाठी काही घरे उत्तर अमेरिकेतून आलेल्या गटांनी बांधली, काही तिथल्याच ख्रिस्ती संस्थांनी. ज्यांना घरे मिळाली त्यांच्या आयुष्यात आणि श्रद्धेत या दोहोंमुळे कसलाही वेगळेपणा आढळला नाही. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर निघाले. प्रवासखर्च धरून पाहुण्यांचे एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडले आणि स्थानिक संस्थेचे सुमारे 2,000 डॉलरला. परतलेल्या स्वयंसेवकांचे आयुष्य बदलले, हा दावाही पुढच्या काळात फारसा टिकला नाही. पैसा हेच सर्वस्व नव्हे, भेटीला स्वतःचे मोल असते, हे मला मान्य आहे. पण मग भेटीला भेट म्हणावे. ती गावाची गरज होती असे म्हणायचे असेल, तर गावाला आधी विचारलेले असले पाहिजे.

आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले आणि 4 सप्टेंबर 1863 ला बुडून मरण पावले. या अठरा वर्षांत ते मराठी शिकले, त्यांनी शाळा चालवली, नागपूर भागातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, गोंडांच्या परंपरा टिपून ठेवल्या. त्या नोंदी 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केल्या. बाप्तिस्मे मोजकेच झाले. तरी नागपुरात हिस्लॉप हे नाव आजही आदराने घेतले जाते. 1883 पासूनचे महाविद्यालय तेच नाव चालवते आहे. इथल्या माणसांना त्यांनी आधी समजून घेतले, आणि त्यासाठी जन्म खर्ची घातला. आठवड्याच्या पाहुण्याला हे शक्य नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. मात्र ज्याच्याजवळ वेळ नाही त्याने, ज्याच्याजवळ तो आहे त्याच्या सल्ल्याने चालावे. तो वेळ स्थानिक मंडळीजवळ आहे. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन 1854-55 मध्ये मराठी मिशनची पाहणी करायला आले, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की मंडळ्या देशी भाषेत, देशी पाळकांच्या हाती आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात. 1910 च्या एडिंबरो परिषदेत भारतीय पाळक व्ही. एस. अझराया यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले, की तुमच्या त्यागाबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले, ते नागपुरातच. म्हणजे या भागातल्या मंडळीला स्वतःचा कारभार ठरवण्याचा वारसा आहे. तिला कुणी नवशिकी समजू नये.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप नारायण वामन टिळकांच्या चरित्रातूनच निघतो. 1895 च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी दोनएक वर्षे नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ही लोहवाट भंडारा जिल्ह्यातून, तुमसर रोडवरूनच जाते. मग काही तासांची गाठ पुरली की नाही? कुणाची परवानगी घेतली होती त्या प्रवाशाने? उत्तर पुढच्या घटनांत आहे. त्या माणसाने टिळकांना देण्या-घेण्यात बांधले नाही आणि तो पुन्हा भेटलाही नाही. ते पुस्तक टिळकांनी आपल्या बुद्धीने, आपल्या गतीने वाचले, पत्रव्यवहार करून शंका विचारल्या, आणि मगच निर्णय घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पुढे पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःच्या मनाने; मधल्या काळातली ओढाताण ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकांना ठाऊक आहे. मराठी उपासनेला अभंगाचे आणि भजनाचे वळण टिळकांनी दिले. ते काम कुणा पाहुण्याच्या हातून होण्यासारखे नव्हते. 1917 मध्ये तर मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात बंधू होते. सहप्रवाशाच्या भेटीला फळ आले, कारण टिळक पूर्ण मोकळे होते. सिहोऱ्यात औषधाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला तेवढे मोकळेपण असते का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

इथे सेवा आणि सुवार्ता यांच्या संबंधाचा अवघड भाग येतो. 1893 मध्ये पुण्याच्या शारदासदनात वादळ उठले. पंडिता रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तिथे बसू लागल्या. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंनी सक्ती केली नव्हती, आणि आपली श्रद्धा लपवायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा हा बाणा मला थोर वाटतो. तरीही ज्या छपराखाली त्या मुली जगत होत्या ते छप्पर रमाबाईंचे होते, आणि म्हणून पालकांच्या मनातली शंका कोणत्याही खुलाशाने फिटली नाही. 1876-78 च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्म्यांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हाही असेच झाले. त्या माणसांत आत्मसन्मानाची भूक असलेले पुष्कळ होते, हे मी निःशंकपणे मानतो. पण धान्य आणि धर्म एकाच हातून आल्यामुळे त्यांच्या नातवंडांनाही पोटासाठी बाटल्याचा टोमणा ऐकावा लागला. देणारे केव्हाच परत गेले होते. म्हणून आरोग्य शिबिर भरवायचे तर त्या मांडवात पत्रके नकोत, प्रार्थनेचे आमंत्रण नको आणि नावांची वहीही नको. सुवार्ता सांगायची ती मंडळीच्या उपासनेत, तिच्या भजनात, आणि कुणी आपण होऊन विचारले तर शेजाऱ्याच्या तोंडून. यावर कुणी म्हणेल, की मग ख्रिस्ती सेवेत आणि कोणत्याही समाजसेवेत फरक काय उरला? फरक उरतोच. ख्रिस्ती माणूस का आला हे तो लपवत नाही. फक्त त्या उत्तराची किंमत रुग्णाकडून वसूल करत नाही.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. भंडारा 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मिशनरी कामाच्या चौकशीसाठी 1954 मध्ये नेमलेली नियोगी समिती याच राज्याची. तिने शाळा-दवाखान्यांच्या कामाची दखल घेतली आणि धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारसही केली. चर्चला तो अहवाल एकांगी वाटला, आणि त्या तक्रारीत तथ्य होते. पुढे 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अनुच्छेद 25 ने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मोपदेश करण्याला परवानगी नाही. एवढे असूनही एखादा उत्साही गट चौकात ध्वनिक्षेपक लावतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो. पोलीस ठाण्यात उत्तर द्यायला जातो तो गावातला पाळक, आणि किराणा दुकानात ज्याच्याशी कुणी बोलत नाही ते कुटुंबही गावातलेच. जोखीम ज्याची, निर्णय त्याचा. माझ्या युक्तिवादाचा कणा हाच आहे.

‘मग या फेऱ्या बंदच करा’, असे म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. पूर्व विदर्भाला धर्मांतर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. 1954 ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक डॉ. आंबेडकर हरले, आणि दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, त्यांनी नागपुरात लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तीही एकवीस वर्षांच्या विचारानंतर, कारण येवल्याची घोषणा 1935 ची. माणूस विचारपूर्वक श्रद्धा बदलू शकतो, याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्रात नाही, आणि आज भंडाऱ्याच्या गावोगावी बौद्ध वस्ती आहे. ज्या भूमीने हा निर्णय पाहिला तिथे कुणी ख्रिस्ताविषयी बोलूच नये, असे म्हणणे तिथल्या माणसांच्या विवेकाचा अपमान ठरेल. बोलावे. पण निर्णयाला एकवीस वर्षे लागू शकतात हे लक्षात ठेवून बोलावे, आणि आठ दिवसांत हात वर करायला लावून आकडे मायदेशी कळवू नयेत.

पाहुण्यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे. आषाढ-श्रावणात सिहोऱ्याकडची माणसे दिवसभर रोवणीत असतात. तेव्हा दुपारच्या सभेला कुणीही येणार नाही, हे मंडळीतली कुठलीही बाई सांगेल. ती कदाचित असेही सांगेल, की सभेपेक्षा पाळकाच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला हातभार लावा, किंवा आमच्या वडीलजनांना हिशेब ठेवायला शिकवा, किंवा नुसते आमच्याबरोबर उपासनेला बसा, कारण आम्ही थोडे आहोत आणि आम्हाला एकटे वाटते. या शेवटच्या मागणीला मी सर्वांत मोठी सेवा मानतो. ज्या चर्चना या बाजूला गट पाठवायचा आहे त्यांना माझी विनंती आहे: तिकिटे काढण्याआधी भंडारा-नागपूरकडच्या मंडळीला पत्र लिहा, कार्यक्रम कोरा ठेवा, पैसा त्यांच्या वहीतून खर्च होऊ द्या, आणि उत्तर नकाराचे आले तर त्या वर्षी जाऊ नका.