शू : आवाज की शब्द?

इंग्रजी शिकवणारे एक स्नेही परवा बोलता बोलता म्हणाले, “शू हा शब्दच नव्हे, नुसता आवाज. त्याची कसली व्युत्पत्ती शोधता?” ते बोलणं मनात सलत राहिलं.

कोंबड्या, पाखरं हाकलताना इंग्रज ‘शू’ करतो, हे सांगायला कोश लागत नाही. कोशात पाहावं ते वय. उद्गार म्हणून ‘शू’ पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसतो आणि क्रियापद म्हणून सतराव्या शतकात. मूळ म्हणाल, तर तोंडातून आपसूक निघालेला ध्वनी, एवढंच कोशकार सुचवतात. इटलीत कोंबड्यांना ‘शो’ करतात, जर्मनीत ‘हुश’. परसात वाळवणावर कोंबडी आली की आमच्याकडची म्हातारी वाकून पदर झटकते आणि दातांतून वारा सोडावा तसं ‘हुश्श’ करते. ते ऐकलं की स्नेह्यांचं पटू लागतं.

मॅक्स म्युलरलाही तसंच वाटे. 1861 मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत उद्गारांतून भाषा जन्मली या मताला त्यांनी ‘पूह-पूह’ असं नाव ठेवलं. ध्वनीच्या अनुकरणातून आलेले शब्द म्हणजे मुळं नसलेली कागदी फुलं, वांझ, असं त्यांचं म्हणणं. वेदांच्या या थोर संपादकाविषयी मला आदर आहे, पण इथे त्यांचं चुकलंच. ‘शू’ला भूतकाळाचा प्रत्यय लागला, तिथेच त्याचं वांझपण संपलं. आणि पुढची वाढ तर पाहा. अमेरिकेतल्या शर्यतींत लबाड जॉकी आपापले घोडे मागे खेचत आणि ठरलेल्या घोड्याला जणू ‘शू’ करून पुढे हाकलत. असा घोडा ‘शू-इन’. आज निवडणुकीत हमखास जिंकणाऱ्या उमेदवारालाही हाच शब्द लावतात, आणि त्यात लबाडीचा वासही उरलेला नाही. हाकलण्याचा आवाज विजयाच्या खात्रीपर्यंत पोचला!

माझं आवडतं उदाहरण मात्र घरचं आहे. कुत्र्याला हाकलायचं तर आपण ‘हाड’ म्हणतो, कोणाच्या अंगावर सोडायचं तर ‘छू’. ‘छू’ आणि ‘शू’ यांत उच्चाराचं अंतर किती? केसभर. पण एकाने इंग्रजाची कोंबडी पळते आणि दुसऱ्याने आपला कुत्रा धावून जातो. ध्वनीला निसर्गानेच अर्थ दिला असता, तर असं झालं नसतं. सुरुवात निसर्गाने केली असेल, पण अर्थ लोकांनी ठरवला, आणि जनावरंही तो त्या त्या मुलखात शिकली. लोकांनी ठरवलेला अर्थ ज्याला आहे, तो शब्दच. आपल्या ‘हाड’चंही तेच. त्याचं ‘हाडहाड करणं’ झालं आणि ते माणसांनाही लागू झालं.

तुमच्या गावात पोपट उडवायला, बैल वळवायला, माकडं पिटाळायला जे आवाज काढतात, ते लिहून ठेवा. राखणीचे माळे कमी होत चालले आहेत, आणि हे शब्द कोशापर्यंत पोचवायला दुसरं कोणी येणार नाही.