देवासाठी खोटे बोलावे काय?



इटलीतील सिएना शहरात संत फ्रान्सिस ह्यांच्या नावाचे एक जुने चर्च आहे. तेथील एका कपेलाच्या भिंतीवर आंब्रोज्यो लोरेन्झेत्ती ह्या चित्रकाराने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेले चित्र आहे. सिंहासनावर एक राजा बसला आहे, त्याच्यासमोर फ्रान्सिस्कन व्रतस्थांचा शिरच्छेद चालला आहे, आणि बघ्यांमध्ये काही चेहरे चक्क मंगोल वळणाचे आहेत. इटलीतल्या भिंतीवर हे चेहरे आले कोठून?

असे प्रश्न विचारणे हेच काही कला-इतिहासकारांचे जीवनकार्य असते. लॉरेन अर्नोल्ड ह्या अमेरिकन विदुषींनी १९९९ साली ह्याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. १२५० ते १३५० ह्या शंभर वर्षांत चीनमधील फ्रान्सिस्कन मिशनचा पश्चिमेच्या कलेवर काय परिणाम झाला, हा त्यांचा विषय. तो काळच देवाणघेवाणीचा होता. मोन्तेकोर्विनोचे फादर जॉन १२९४ साली आजच्या बीजिंगला पोहोचले. अशिक्षितांना शिकवता यावे म्हणून आपण बायबलमधील प्रसंगांची सहा चित्रे काढवून घेतली, असे त्यांनी पत्रात कळवले होते. चीनमधील यांगझौ शहराचा तट १९५१ साली पाडताना एक थडग्याचा दगड सापडला. कातेरिना ह्या इटालियन व्यापाऱ्याच्या मुलीचा तो दगड, साल १३४२. अक्षरे लॅटिन, पण वर कोरलेली पवित्र मरिया व बाळ येशू पाहिले की हात चिनी कारागिराचा असावा असे वाटते.

आता ह्या कथेत आपले ठाणे येते. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि ब्रदर दिमित्री ह्या चौघांनी ठाण्यात ख्रिस्तासाठी रक्त सांडले. पुढे फादर ओदोरिक ठाण्यास आले आणि त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनच्या झैतून बंदरापर्यंत गेले. चौघांपैकी एक सिएनाचा, आणि चित्रही सिएनाचे! मग आपल्या मनात लगेच येते की हे चित्र आपल्या ठाण्याचेच. काही अभ्यासक तसे मानतातही. पण दुसरे म्हणतात की हा प्रसंग उत्तर आफ्रिकेतील सेउता गावचा, तर तिसरे म्हणतात, मध्य आशियातील अल्मालिकचा. वाद मिटलेला नाही.

येथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. 'ते चित्र ठाण्याचेच' असे आम्ही उद्या वेदीवरून ठासून सांगितले, तर कोणाचे काय बिघडेल? लोकांचा अभिमान वाढेल, भक्ती वाढेल. हेतू तर चांगलाच आहे ना?

ह्यावर दुसरे एक चित्र पाहू. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये चिनी पद्धतीचे एक लांब, गुंडाळता येणारे चित्र आहे. रोमच्या सांता मारिया माज्जोरे ह्या महामंदिरात, जेथे २०२५ साली पोप फ्रान्सिस ह्यांना मूठमाती देण्यात आली, तेथे पवित्र मरियेची जी प्राचीन तसबीर आहे, तिच्याच ठेवणीचे हे चित्र. परंतु बाळ येशू चिनी मुलासारखा आहे, हातातले पुस्तकही चिनी बांधणीचे. बर्थोल्ड लाउफर ह्यांनी १९१० साली ते शिआन येथे मिळवले. त्यावर तांग यिन ह्या थोर चिनी चित्रकाराची सही आहे, आणि ती सही खोटी आहे असा निर्वाळा खुद्द लाउफर ह्यांनीच दिला. आपण मिळवलेल्या वस्तूचे मोल कमी होईल, म्हणून ते गप्प बसले नाहीत.

त्यामुळे चित्राचे काय नुकसान झाले? काहीच नाही. सही खोटी ठरली, चित्र खरेच राहिले. उलट, ज्या अनाम चिनी कलावंताने परक्या देशातून आलेल्या मातेला आपल्या घरचे रूप दिले, त्याचे श्रेय त्याच्याकडे परत जाण्याची वाट मोकळी झाली. खोटे नाव लावले की खऱ्या माणसाचे नाव पुसले जाते. म्हणजे चांगल्या हेतूने केलेले असत्यही कोणाचे तरी काहीतरी चोरतेच.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत अगुस्तीन ह्यांचे मत आम्हांला फार कडक वाटे. धर्माच्या भल्यासाठीही खोटे बोलू नये, असे ते म्हणतात. आज ते पटते. ईयोबानेही मित्रांना हेच विचारले होते की देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही असत्य बोलणार काय? जो स्वतः सत्य आहे, त्याला आपल्या खोट्या साक्षीची गरज नाही. आणि असे एक खोटे उघडे पडले की मुले पुढे खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

बंधुभगिनींनो, मोबाइलवर येणारा प्रत्येक 'चमत्कार' आपण पुढे पाठवतो. घराण्याची, गावाची, चर्चची कथा सांगताना दोन शब्द पदरचे घालतो. हेतू वाईट नसतो. पण पुढच्या वेळी क्षणभर थांबून स्वतःला विचारू या, हे मला ठाऊक आहे, की मला ते हवेसे वाटते? 'ठाऊक नाही' असे म्हणणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. ती नम्रता आहे, आणि नम्रता हा श्रद्धेचाच भाग आहे.

सिएनाचे ते चित्र ठाण्याचे असो वा नसो, त्या चौघांनी ठाण्यात प्राण दिले एवढे खरे आहे. त्यांनी साक्ष दिली ती सत्याची. त्यांच्या नावाने आपण तेवढेच सांगू या, जेवढे सत्य आहे. ते पुरेसे आहे.

प्रभू आपणां सर्वांना सत्यात ठेवो.