न लिहिलेल्या वाक्याची जबाबदारी

मनुष्य आपल्या कृत्याला जबाबदार असतो, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु जें कृत्य कोणा एकाचें नाहीं, जें चौघांच्या हातून घडलें आणि चौघांपैकीं एकाच्याही मनांत नव्हतें, त्याला जबाबदार कोण? हा प्रश्न आम्हांस एखाद्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत भेटला नाहीं. मुलांच्या खेळांत भेटला, आणि तो अजून आमचा पिच्छा सोडीत नाहीं.

पनवेल तालुक्यांतील उलवे येथें आमचें बिऱ्हाड आहे. एका पावसाळी संध्याकाळीं वीज गेली, आणि इमारतींतील चार मुलें आमच्या घरीं मेणबत्तीभोंवतीं जमलीं. शेजारचे आजोबाही सोबतीला येऊन बसले. भेंड्या खेळून झाल्या. मग मुलांनीं घडीच्या कागदाचा खेळ काढला. पहिल्यानें ‘कोण’ तें लिहावें व कागद दुमडून पुढें द्यावा. दुसऱ्यानें ‘कोठें’, तिसऱ्यानें ‘कसें’, चौथ्यानें ‘काय केलें’ तें लिहावें. आधींच्यानें काय लिहिलें तें कोणीं पाहावयाचें नाहीं. कागद उलगडून मोठ्यानें वाचण्याचें काम आमच्याकडे होतें. चारपांच वाक्यें वाचून झालीं, हंसून मुरकुंड्या वळल्या. मग पुढचा कागद आम्हीं उलगडला व वाचला: ‘दमलेला डोंगर विमानाच्या पोटांत कोणाला न सांगतां झोंपीं गेला.’ मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों. आजोबा मात्र हंसले नाहींत. थोड्या वेळानें ते काठी घेऊन उठले आणि अंधारांतच आपल्या घरीं गेले.

त्यांचें कारण समजण्यास येथली थोडी हकीकत सांगणें अवश्य आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठीं या भागांतील दहा गांवें उठलीं. ज्या गांवाच्या नांवानें आमची वसाहत ओळखली जाते, तें मूळ उलवे गांवही त्यांतलेंच. सुमारें ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनीं फोडून सपाट करण्यांत आली; उलवे नदीचा प्रवाह वळविण्यांत आला. २०१८ साली विमानतळाची कोनशिला बसली आणि २०२५ च्या डिसेंबरांत तेथून विमानें उडूं लागलीं. गांव गेलें, डोंगर गेला, नांव तेवढें आमच्यासारख्या उपऱ्यांच्या पत्त्यावर राहिलें. आजोबांचें घर त्याच डोंगराच्या पायथ्याशीं होतें. हें आम्हांस ठाऊक होतें. मुलांना ठाऊक नव्हतें.

आजोबा गेल्यावर आम्हीं मुलांना ही गोष्ट सांगितली. त्यांचे चेहरे उतरले. पण त्यांतील एकानें लगेच बचाव मांडला: “पण काका, हें वाक्य आमच्यापैकीं कोणीच नाहीं लिहिलं!” आणि तें अक्षरशः खरें होतें.

घडीच्या कागदाचा हा खेळ खेळणारे आमचेच घर नव्हे. १९२५ च्या सुमारास पॅरिस शहरांत रू द्यु शातो या रस्त्यावरील एका घरांत कांहीं कवि व चित्रकार जमत. आंद्रे ब्रेतों, झाक प्रेव्हेर, ईव्ह तांगी हे त्यांतले. फ्रेंच घरांतील मुलेंमाणसें करमणुकीसाठीं खेळत तोच हा चिठ्ठ्यांचा खेळ त्यांनीं उचलला आणि त्याला कलेच्या प्रयोगाचें स्वरूप दिलें. पहिल्या वाक्यांतील पहिले शब्द जुळले त्यांवरून खेळाला जें नांव पडलें, त्याचा मराठींत अर्थ ‘उमदें प्रेत’ असा कांहींसा होईल. पुढें ते याच रीतीनें चित्रेंही काढूं लागले: एकानें डोकें काढावें, घडीपलीकडे रेषांचीं टोकें तेवढीं डोकावूं द्यावीं, दुसऱ्यानें धड काढावें, तिसऱ्यानें पाय. या मंडळींच्या मताला आपल्याकडे अतिवास्तववाद म्हणतात.

या मताचा पाया १९१९ सालींच पडला होता. त्या वर्षीं ब्रेतों व फिलिप सूपो या दोघांनीं, लेखणी थांबूं न देतां, मनांत येईल तें वेगानें लिहून काढण्याचा प्रयोग केला व त्याचें पुस्तक १९२० सालीं काढलें. आपल्याकडे सुशिक्षितांच्या घरींही एके काळीं प्लँचेटचें वेड होतें, त्याची वाचकांस आठवण होईल. फरक इतकाच कीं, ब्रेतोंचा मृतात्म्यांवर विश्वास नव्हता; तो वैद्यकाचा विद्यार्थी होता, पहिल्या महायुद्धांत त्यानें मनोरुग्णांच्या इस्पितळांत काम केलें होतें, आणि बोलतो तो परलोकींचा आत्मा नसून आपल्याच मनाचा दडपलेला भाग होय, हा फ्रॉइडचा विचार त्याला पटला होता. १९२४ सालच्या जाहीरनाम्यांत त्यानें अतिवास्तववादाची व्याख्याच अशी केली कीं, हें विचाराचें असें उच्चारण होय, जें बुद्धीच्या ताब्यांत नाहीं आणि सौंदर्याच्या वा नीतीच्या कोणत्याही विवंचनेबाहेर आहे.

‘नीतीच्या विवंचनेबाहेर’ या शब्दांपाशीं आम्ही अडतों. तथापि त्यांतील चांगला अंश नाकारणें हें अन्यायाचें होईल. आपल्याकडे समस्यापूर्तीचा खेळ जुना आहे. श्लोकाचा एक चरण द्यावा आणि कवीनें उरलेले रचून दाखवावे. परंतु तेथें दिलेला चरण कवीला दिसत असतो. त्याचें सारें कसब, आणि खरें बोलावयाचें तर त्याचा सारा अहंकार, त्या चरणावर मात करण्यांत खर्च होतो. घडीच्या कागदावर मात कोणावर करणार? शेजाऱ्याची ओळ दिसतच नाहीं. ‘माझ्या शब्दाशेजारीं जो शब्द येईल तो मला चालेल’ असें आधींच मान्य करून बसावें लागतें. यांत एक प्रकारची नम्रता आहे, आणि आम्ही तिला नैतिक गुणच समजतों. शिवाय जें एकटें मन दहा वेळां पुसून टाकील, तें अशा खेळांतून निसटून बाहेर येतें. ‘दमलेला डोंगर’ ही कल्पना आम्ही सहा महिने टेबलापाशीं बसलों असतों तरी आम्हांस सुचली नसती.

तरीही प्रश्न राहतोच. आणि त्याचें उत्तर ब्रेतोंच्या जाहीरनाम्यापेक्षां त्याच्या आचरणांत सांपडतें. १९२२ च्या शरद ऋतूंत या मंडळींनीं झोंपेच्या बैठकी सुरू केल्या. अंधाऱ्या खोलींत हात धरून बसावें, एखाद्यानें समाधिसदृश झोंपेंत जावें आणि त्या अवस्थेंत बोलावें, लिहावें. रोबेर देस्नोस या तरुण कवीची यांत विलक्षण गति होती. परंतु हळूहळू या बैठकी हाताबाहेर जाऊं लागल्या. एकदां झोंपेंतल्या कांहीं जणांनीं गळफास लावून घेण्याची तयारी केली, आणि एकदां देस्नोस चाकू घेऊन दुसऱ्या कवीच्या मागें धांवला, असें ब्रेतोंनेंच पुढें सांगितलें आहे. तेव्हां या बैठकी बंद केल्या त्या ब्रेतोंनेंच. बुद्धीचा ताबा व नीतीची विवंचना बाहेर ठेवण्याची घोषणा त्यानें दोन वर्षांनीं केली खरी. पण माणसाच्या जिवाशीं गांठ पडली त्या रात्रीं त्यानें दोहोंनाही आंत घेतलें होतें.

दुसरें उदाहरण माक्स एर्न्स्ट या चित्रकाराचें. १९२५ च्या ऑगस्टमध्यें समुद्रकांठच्या एका खाणावळींत उतरला असतां, घासून घासून रेषा उठलेल्या लांकडी फळ्यांकडे त्याचें लक्ष खिळलें. त्यानें फळ्यांवर कागद टाकले आणि वरून शिशानें घांसलें. लांकडाच्या रेषांतून त्याला अरण्यें, पक्षी, समुद्र दिसूं लागले. फळीवरच्या रेषा कांहीं एर्न्स्टनें काढल्या नव्हत्या. परंतु कोणता कागद ठेवावयाचा, कोणता टाकावयाचा, कोणत्या आकृतीला काय नांव द्यावयाचें, हें त्यानेंच ठरविलें, आणि १९२६ साली त्यांतून ३४ चित्रांचा संच आपल्या नांवानें प्रसिद्ध केला. आमच्याच रायगड जिल्ह्यांतील नागांव येथें १९३६ सालीं जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांतही घड्याळ, पान, फळ अशा ओळखीच्या वस्तु स्वप्नांतल्याप्रमाणें अनोळखी अवकाशांत तरंगतांना दिसतात. पण त्याच बरव्यांनीं वर्षानुवर्षें रोजनिशा लिहून आपल्या चित्रांचा हिशेब ठेवला, आणि १९९० सालीं ‘कोरा कॅनव्हास’ हें पुस्तक मराठींत लिहिलें. स्वप्न फुकट येतें. त्याचा हिशेब मात्र जागेपणीं ठेवावा लागतो.

येथें आम्हांस तुकोबांचें स्मरण होतें. बोल आपले नव्हेत, बोलविता धनी निराळा, हा भाव त्यांच्या अभंगांत वारंवार येतो. नामदेवांनीं पांडुरंगासह स्वप्नांत येऊन कवित्व करण्यास सांगितलें, असेंही ते म्हणतात. शब्द आपले नव्हेत असें यापेक्षां स्पष्ट कोणीं सांगावें? परंतु वह्या इंद्रायणींत बुडविण्याची पाळी आली, तेव्हां ‘शब्द माझे नव्हेत, मग मला काय त्याचें?’ असें ते म्हणाले नाहींत. तेरा दिवस ते अन्नपाण्यावांचून पडून राहिले. शब्दाचें कर्तृत्व सोडणें आणि शब्दाची जबाबदारी सोडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें या तेरा दिवसांइतकें दुसऱ्या कशानें सिद्ध होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

आणि तो झोंपेंत बोलणारा देस्नोस? दुसऱ्या महायुद्धांत नाझींच्या ताब्यांतील पॅरिसमध्यें तो गुप्त प्रतिकार-चळवळींत सामील झाला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्याला गेस्टापोनें पकडलें, आणि एकामागून एक छळछावण्या पाहून तो ८ जून १९४५ रोजीं तेरेझीन येथें वारला. जागेपणीं केलेल्या कृत्याचें मोल त्यानें प्राणांनीं दिलें.

कोणी म्हणेल, एका खेळाचा एवढा बाऊ कशाला? आमचें म्हणणें उलट आहे. खेळ तो, ज्यांतून उठून जातां येतें. आमच्या वसाहतींत बामणडोंगरी व खारकोपर येथें सिडकोच्या घरांच्या सोडती झाल्या. नांवाची चिठ्ठी निघाली त्याला घर मिळालें आणि कोठकोठचीं माणसें एका जिन्यावर शेजारीं झालीं. तीही एक प्रकारें घडीच्या कागदावरचीं वाक्येंच. पण अर्ज त्यांनीं आपण होऊन केला होता. ज्याच्या घरावरून धांवपट्टी गेली, त्याला मात्र ‘मी खेळत नाहीं’ असें म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून जेव्हां खेळाबाहेरचा मनुष्य खेळांतल्या वाक्यानें दुखावतो, तेव्हां ‘कोणीच लिहिलें नाहीं’ हें उत्तर पुरत नाहीं. मोठ्या जगांतही अशीं वाक्यें असतात. अनेक टेबलांवरून कागद फिरतो, प्रत्येक जण आपापला शब्द लिहून घडी घालतो, आणि शेवटीं एक गांव उठतें. त्या वेळींही विचारावें तर उत्तर हेंच मिळतें.

मग आमच्या त्या संध्याकाळीं जबाबदार कोण? आम्हीं विचार केला तो असा. मुलांनीं शब्द लिहिले, योगायोगानें ते जुळविले, परंतु वाक्य मोठ्यानें वाचलें तें आम्हीं. डोळ्यांनीं तें ओंठांच्या आधीं वाचलें होतें. आजोबा समोर बसले आहेत, हें आम्हांस दिसत होतें. त्या अर्ध्या क्षणांत कागद पुन्हां दुमडणें आमच्या हातांत होतें, आणि हंशा पिकविण्याच्या मोहानें आम्हीं तें केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही क्षमा मागण्यास आजोबांकडे गेलों.

त्यांनीं क्षमेचा विषय पुढें वाढूंच दिला नाहीं. तो कागद कोठें आहे, असें विचारलें. आम्हीं तो एका पुस्तकांत लपवून ठेवला होता, आणून दिला. त्यांनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला, “बराबर हाय,” म्हणाले, आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशांत ठेवला. येथें आमचा कालचा निवाडा पुरता डळमळला. कागद दुमडून टाकला असता, तर ज्या वाक्यांत त्यांना आपला डोंगर भेटला तें वाक्यही नाहींसें झालें असतें. तेव्हां जबाबदारी म्हणजे तोंड दाबून धरणें नव्हे. जें आपल्या हातून बाहेर पडलें, त्याच्या शेजारीं उभें राहणें, आणि कोणी विचारील तेव्हां तेथें सांपडणें, एवढीच ती असावी.

आजोबांनीं मग विचारलें, ‘दमलेला’ हा शब्द कोणाचा. आम्हीं मुलांना बोलाविलें. चौघेंही दारांत घुटमळत उभीं राहिलीं. कांहीं वेळ कोणी बोलेना. मग सर्वांत धाकटी मुलगी पुढें झाली आणि म्हणाली, “तो माझा.”