अपरिग्रह आणि दारातली गाडी

बालाघाटच्या डोंगरालगतच्या खर्ड्यासारख्या गावात हाती चार पैसे आले की बोलेरो पिकअप घ्यावी की थार, हा प्रश्न हिशेबाचा वाटतो. माझ्या लेखी तो अपरिग्रहाचा आहे. पतंजलीने यमांत सांगितलेले हे व्रत आपण ‘कमी वस्तू बाळगा’ एवढ्यावर आणून ठेवले. खरी कसोटी संख्येची नाही, वस्तू कोणाचे ओझे वाहते याची आहे. पिकअपच्या हौद्यात कांदा, कडबा, शेळ्या जातात, आषाढीला दिंडीचे सामानही. तीन दारांच्या थारमध्ये चौघे बसतात. 2023 मध्ये तर ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या रूपातही आली, आणि खपली. म्हणजे पुष्कळांना डोंगर नकोच होता, डोंगर चढणाऱ्याचा रुबाब हवा होता.

काम, म्हणजे इच्छा, हाही पुरुषार्थच ना, असे कोणी म्हणेल. मान्य. गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण धर्माला न सोडणाऱ्या कामाला स्वतःचेच रूप म्हणतो. पण शेत गहाण टाकून भागवलेली हौस घरातल्या इतरांच्या वाट्याचे खाते, तिथे धर्म सुटतो. रुबाबालाही किंमत असते, हा आक्षेप खर्ड्यात तरी टिकू नये: 1795 च्या मार्चमध्ये मराठ्यांशी झालेल्या लढाईत निजामाचा लवाजमा मोठाच होता, पण तो इथल्या किल्ल्यात कोंडला गेल्यावर रसद तुटली आणि त्याला तह करावा लागला. तरी पिकअप म्हणजे पुण्य, असेही नव्हे. चिखलातून वस्तीवर पोचणाऱ्या डॉक्टरची फोर बाय फोर थार माझ्या कसोटीला उतरते. भाड्याच्या लोभाने दुप्पट माल कोंबून घाट उतरणारी पिकअप उतरत नाही.